मापाचा हात

मस्कतमधल्या सोनारांना दोनच गोष्टींनी घाम फुटत असे: एक तिथला जून महिना आणि दुसऱ्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या आंटी. जूनवर एसीचा उपाय होता. पण आंटी दुकानात शिरल्या की आधी तो एसीच बंद करायला लावायच्या. "हवेने काटा हलतो," त्या म्हणायच्या. मत्रहच्या सूकमधल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, त्या चिंचोळ्या दुकानात काट्याभोवती चारी बाजूंनी काच होती, आणि वाऱ्याला आत जायचंच असतं तर त्याला दार ठोठावावं लागलं असतं, हे दुकानाचे कच्छी मालक त्यांना दर वेळी समजावून सांगायचे. आंटी अगदी मन लावून ऐकायच्या आणि मग एसीच्या बटणाकडे बोट दाखवायच्या. पाच मिनिटांत बाकीची गिऱ्हाइकं घाम पुसत बाहेर पडायची. त्यामुळे मालकांचं सगळं लक्ष आपल्याकडेच राहतं, हा आंटींच्या मते निव्वळ योगायोग होता.

हे सगळं मला माहीत आहे, कारण त्या दुकानात मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसलेली असे. हौसेने नव्हे. आंटी वसईच्या. एका मोठ्या हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खोलीचा कारभार त्यांच्याकडे होता आणि आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये त्या एक खोली घेऊन राहत. नवरा आणि सासू वसईला केळीची वाडी सांभाळत, आणि मुलगी त्यांच्याजवळ शाळेत होती. आंटींच्या व्हिसावर मुलीला इकडे आणता येत नव्हतं. ती बरोबर माझ्याच वयाची. आता मुलगी वसईला आणि सोनं मस्कतला, तर माप कसं घ्यायचं? आंटींनी यावर फार विचार केला नाही. वरच्या मजल्यावर एक मनगट आयतंच होतं. ते बोलत नसे, नाही म्हणत नसे आणि शुक्रवारी रिकामं असे.

"चल बाय, जरा हात घेऊन ये," आंटी दारातून म्हणायच्या, जणू एरवी मी तो घरी ठेवून गेले असते. आई मला पुढे ढकलायची. शाळेत दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या जिभेवर मराठी नकार वेळेवर कधी यायचाच नाही. तो जुळवून होईपर्यंत आम्ही टॅक्सीत असायचो. दुकानात आंटी माझ्या हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायच्या आणि तिच्यावरून बांगडी सरकवायच्या. हात दाबून, अंगठा आत मुडपून. मी कळवळले की मालकांना समाधानाने सांगायच्या, "बरोबर बसली." मग बांगडी काढून काचेच्या काउंटरवर हलकेच आपटायच्या आणि कानाशी नेऊन ऐकायच्या. त्यांच्या मते बावीस कॅरेटचं सोनं बोलतं आणि त्याच्याखालचं नुसतं बडबडतं. घडणावळीवर तासभर घासाघीस चाले, आणि मालक शेवटी हात टेकून "खलास, आंटी, खलास" म्हणाले, की मग पुन्हा पहिल्यापासून.

सोनं घेणं हा आंटींचा छंद होता. सोनं सांभाळणं हा धर्म. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात रिठे भिजवून त्या आपल्या साखळीला आणि कुड्यांना लहान मुलांच्या ब्रशने आंघोळ घालायच्या. तो ब्रश मऊ असावा म्हणून आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघायच्या. मग मलमलीने टिपणं, सावलीत वाळवणं आणि प्रत्येक दागिना वेगळ्या गुलाबी कागदात. "एकमेकांना घासतात. दागिने म्हणजे जावा," हे त्यांचं स्पष्टीकरण. अत्तर आधी, सोनं नंतर. पोहायच्या तलावात सोनं घालणाऱ्या बाईशी बोलू नये. साखळी अडकवायच्या फाशावर विश्वास ठेवू नये, म्हणून प्रत्येक फाशाला एक सेफ्टी पिन. त्यांच्या अंगावरच्या पिनांकडे पाहिलं, की दागिने गळ्यात आहेत की अटकेत, असा प्रश्न पडे.

मे महिन्यात त्या सुट्टीवर जायच्या. मस्कतच्या त्या उन्हात अंगावरच्या सोन्यावरून बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा स्वेटर घालून विमानतळावर निघायच्या आणि "विमानात फार थंडी असते" असं सांगायच्या. महिन्याने परत आल्या की मापाचा निकाल कळे. पहिल्या वर्षी बांगड्या पोरीच्या हातात शिरल्याच नाहीत. "वसईचं पाणी. हाडं रुंद होतात," आंटी म्हणाल्या. पुढच्या वर्षी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी नेलेली क्रॉसची साखळी गळ्याशी फास लागावा तशी बसली. दोष सोनाराचा. मग एका वर्षी खबरदारी म्हणून मोठ्या बांगड्या नेल्या, त्या मात्र कोपरापर्यंत गेल्या. "पोरीनं भात सोडलाय." नंतर पुन्हा घट्ट, कारण पोर व्हॉलीबॉल खेळायला लागली होती. पाणी, सोनार, भात आणि व्हॉलीबॉल या सगळ्यांवर आळ घेऊन झाला, पण माझ्या मनगटावर कधी कुणी संशय घेतला नाही. न बसलेला दागिना मोडायचा नाही, हा आंटींचा नियम होता. त्यामुळे वसईच्या एका कपाटात माझ्या मनगटाचा सगळा इतिहास बावीस कॅरेटमध्ये जपून ठेवलेला आहे.

आईने एकदा विचारलंही. "अहो ताई, तिच्याच हाताचं माप का नाही मागवत? साधा दोरा गुंडाळून पाठवला तरी चालेल."

आंटींच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "मागवायचं काय त्यात? मला काय माझ्या पोरीचा हात माहीत नाही?"



अशी बरीच वर्षं गेली. मी कॉलेज संपवून रुवीतल्या एका ऑफिसात लागले, आंटींची मुलगी मुंबईत नोकरी करू लागली आणि तिचं लग्न ठरलं. तिने फोनवर एकच मागणी केली: चर्चमध्ये घालायची अंगठी प्लॅटिनमची हवी. आंटी दोन दिवस वर फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वर येऊन आईला म्हणाल्या, "एवढे पैसे मोजून स्टीलसारखं दिसायचंय. आमच्या हॉटेलातला एक चमचा वाकवून नेला असता की." तरीही शुक्रवारी दारात उभ्या होत्याच. "चल बाय. आज बोट."

प्लॅटिनमसाठी कुरुमच्या मॉलमध्ये जावं लागलं. गालिचा, मंद दिवे आणि टाय लावलेला सेल्समन. आंटींनी एसी बंद करायला सांगितला, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला की पूर्ण मॉलचा एकच आहे. पहिली लढाई त्या तिथेच हरल्या. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "दुल्हन ये हैं?"

"नहीं, नहीं. ये तो खाली माप है."

त्याने मापाच्या कड्यांचा जुडगा खाली ठेवला. "मॅडम, सोना होता तो मैं कुछ नहीं बोलता. प्लॅटिनम का साइज बाद में बदलना बहुत झंझट है. जिसकी उंगली है, उसी को लाइए. चर्च में सबके सामने अटक गई तो?"

आंटी त्याला सोडणार नाहीत, याची मला खात्री होती. पण त्यांनी पर्स उचलली आणि बाहेर येऊन टॅक्सी थांबवली. आमची बिल्डिंग दिसायला लागली तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"बाय, तिचं बोट तुझ्यासारखंच असेल ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. बाकी सगळी विधानंच होती.

"मला नाही माहीत, आंटी," मी म्हटलं. "तिलाच बोलवा ना."

बाबांनी व्हिजिट व्हिसाची खटपट केली आणि मुलगी आली. उंच, खांद्यांनी रुंद, मोठ्याने हसणारी. तिच्यात आणि माझ्यात सारखं काही असेल तर ते फक्त जन्माचं साल. तिने मला जिन्यातच गाठलं. "तू ती मापवाली?" आणि माझं मनगट दोन बोटांच्या चिमटीत धरून म्हणाली, "हे? ह्या काडीवरून माझ्या बांगड्या केल्या? मम्मी, अगं डोळे कुठे होते तुझे?"

"वेळेवर जेवत नाही ती," आंटी म्हणाल्या. खापर अखेर माझ्यावर फुटलं.

कुरुमच्या दुकानात तिने हात काउंटरवर ठेवला. रुंद तळवा, जाड पेरं, करंगळीवर चेंडू लागून आलेला बाक. आंटींनी सेल्समनच्या हातातून जुडगा काढून घेतला. अंगठीच्या बोटाचं माप झालं. माझ्याहून बरंच मोठं. मग त्यांनी मधलं बोट घेतलं. मग तर्जनी.

"मॅडम, इसका तो नहीं चाहिए."

"मालूम है," आंटी म्हणाल्या आणि अंगठा घेतला. करंगळीच्या बाकावर कडं अडलं तेव्हा थांबून विचारलं, "हे कधी झालं?"

"आठवीत, मम्मी."

"दुखलं होतं?"

"थोडंसं."

एरवी मुलीने यावर काहीतरी टोमणा मारला असता. आता तिने दुसरा हातही पुढे केला. मी नेहमीसारखी शेजारच्या खुर्चीत बसले होते, आणि सवयीने माझा उजवा हात काउंटरच्या कडेवर गेला होता. तो मी परत मांडीवर घेतला.

पुढे सेल्समनने मुलीला आवडलेली अंगठी वजनाला लावली. डोक्यावरून एसीचा झोत येत होता, काट्यावरचे आकडे स्थिर होईनात. "देख लीजिए, मॅडम," तो म्हणाला. आंटींनी मान वर केली नाही. त्या अजून मुलीच्या डाव्या हातावरच होत्या.