चौदा एप्रिलला सोडलेली बाई

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी मी मुगाची डाळ उपसून ठेवली होती आणि ह्यांच्या डब्यातल्या पोळ्यांना तूप लावत होते, तेवढ्यात दार वाजलं. आमच्याकडे बेल आहे. बेल सोडून दार वाजवणारा माणूस एक तर फार घाईत असतो, नाही तर पहिल्यांदाच आलेला असतो.

दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. पायाशी तांदळाचं पोतं, पंचवीस किलोचं तरी असेल, तोंड सुतळीनं शिवलेलं.

"मेश्राम साहेबाचं घर हेच काय?"

"बाजूचं," मी म्हटलं. ऑटोवाला पोतं माझ्या फाटकात टाकून निघून गेला होता. तिला एकटीला ते उचलेना, म्हणून मी दुसरं टोक धरलं. धरलं नसतं तर पुढचं काही मला कळलं नसतं. प्रेमिलाबाईंनी ते मला आपण होऊन कधीच सांगितलं नसतं.

प्रेमिलाबाई मेश्राम आणि मी मानेवाड्याच्या या लेआउटमध्ये बावीस वर्षं एकाच कंपाउंड भिंतीच्या दोन बाजूंना राहतो. त्यांचं माहेर कुही. वडील लवकर गेले. आई रंभाबाईंनी दुसऱ्यांच्या शेतात, बांध्यांमध्ये, धानाची रोवणी करून तीन लेकरं वाढवली, त्यांतल्या ह्या थोरल्या. रंभाबाई महिन्यातून एकदा लेकीकडे यायच्या. सकाळच्या एसटीनं यायच्या, जेवायच्या, भांडी घासू लागायच्या आणि उन्हं कलायच्या आत परत. जावयाच्या घरी रात्र काढायची नाही, अशी त्यांची रीत होती. प्रेमिलाबाई भांडायच्या, रुसायच्या, एकदा तर आईची चप्पल लपवून ठेवली. रंभाबाई अनवाणी स्टँडवर गेल्या.

त्यांचे यजमान रुपरावजी मेश्राम पोलिसात हवालदार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांची ड्युटी उमरेड रोडवरच्या नाक्यावर होती. शहरातून कुहीकडे जायचं तर तिथूनच.

त्या दिवसांत मी प्रेमिलाबाईंवर किती जळत होते, ते आता सांगायला हरकत नाही. माझी मिनल कळमेश्वरला, पहिलं बाळंतपण. कळमेश्वर इथून तासाभराच्या आतलं. तरी नातीचा चेहरा मी दीड महिना फोनवर पाहिला. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे मेश्रामांच्या मोटरसायकलचा आवाज यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचे. पोलिसाची बायको. हिला कोण अडवणार? उद्या हिला वाटलं तर नवऱ्याच्या मागं बसून ही माहेरी जाऊन येईल, आणि मी इथं प्रवासाच्या पासासाठी पोर्टलवर कागद चढवत बसेन.

आणि खरंच, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रंभाबाई आजारी पडल्या. पासासाठी अर्ज केला तर डॉक्टरचं पत्र मागितलं, आणि गावातला डॉक्टर दवाखान्याला कुलूप घालून बसलेला. अकरा तारखेला प्रेमिलाबाई मुलाच्या, धम्मदीपच्या, स्कूटरवर मागं बसल्या. मांडीवर मऊ भाताचा डबा. मी खिडकीतून पाहिलं आणि मनात म्हटलं, चालली बघ.

दोन तासांत त्या परत आल्या. डबा तसाच होता.

नाक्यावर रुपरावजी स्वतः उभे होते. त्यांनी बायकोला विचारलं, "पास आहे का?"

"तुम्हाले माहीत नाही का?"

"पास नसेल तर मागे फिरा, बाई." घरी 'काय वं' म्हणणारा माणूस, तिथं 'फिरा' म्हणाला. मागं गाड्यांची रांग. कोणीतरी फोटो काढला, दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला. पत्नीलाही नियम दाखवणारा पोलीस. लेआउटच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला बरं वाटलं होतं. माझ्यासारखीच तीही अडकली, याचं बरं वाटलं होतं.

तेराला रंभाबाई गेल्या. गावानं भीतीपोटी दोन तासांत सगळं उरकलं.

त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला प्रेमिलाबाई एकच सांगायच्या. "कोणालेच सोडत नव्हते ना. मग मले कसे सोडतीन?" कुहीचा भाऊ टोचून बोलला, त्यालाही हेच. मला वाटतं, त्या एका वाक्याच्या आधारानं त्या उठून स्वयंपाकाला लागल्या. आणि ते वाक्य खोटं नव्हतं, आम्ही सगळेच अडकलो होतो. आमच्याच ओळीतल्या दोन घरांतून तेव्हा माणसं गेली. पोलिसांनी रस्ते मोकळे सोडले असते तर किती गेली असती कोण जाणे. अडवायलाच हवं होतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. रुपरावजींचा तो किस्सा मग लग्नाकार्यात ठरलेला झाला. ते अर्धा सांगायचे आणि शेवट प्रेमिलाबाईंकडून वदवून घ्यायचे. त्याही बोलायच्या, थोड्या ऐटीतच.

तर आम्ही दोघींनी पोतं मेश्रामांच्या वऱ्हांड्यात टेकवलं. रुपरावजी अर्धी दाढी करून टॉवेल खांद्यावर घेऊन बाहेर आले. बाई वाकून पायाच पडायला लागली.

"ओ बाई, काय करून राहिल्या? कोण तुम्ही?"

"म्या मनकर्णा भोयर. साहेब, तुम्ही मले नाक्यावरून सोडलं होतं. पास नव्हता माह्याकडे. नंदनवनवरून पायी आली होती."

रुपरावजींनी टॉवेल तोंडावर घेतला. साबण पुसायला इतका वेळ लागत नाही.

प्रेमिलाबाईंनी खुर्ची पुढं केली. "बसा. केव्हाची गोष्ट म्हणता?"

"लाकडाऊनचीच. म्या म्हटलं, साहेब, माय मरून राहिली. ह्याहीनं मले बाजूले घेतलं. दुधाची गाडी उभी होती, गाडीवाल्याले म्हणाले, हिले मांढळपर्यंत सोडून दे."

"तारीख कोणती होती?"

"तारीख... थांबा. जयंती होती त्या दिवशी. नाक्यावरच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो होता, हार होता. म्हणून ध्यानात हाये."

चौदा एप्रिल. मेश्रामांच्या घरात कोणाला दुसऱ्यांदा विचारायची गरज नव्हती. प्रेमिलाबाई आत जाऊन चहा ठेवून आल्या. कप देताना बशी पुसून दिली, मी पाहत होते.

मनकर्णाबाई भोळी. आपण काय सांगतोय याची तिला कल्पना नव्हती. तिनं आईला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. लघवी बंद झाली होती, डॉक्टर म्हणाला, अजून एक रात्र गेली असती तर संपलंच होतं. आई वाचली. पाच दिवाळ्या जगली. नातवाचं लग्न पाहिलं, वरातीत नाचली. आत्ता दिवाळीनंतर गेली. जाताना सांगून गेली, त्या पोलिसाच्या घरी नवा तांदूळ दे. ठाण्यात चौकशी केली तर कळलं की साहेब या महिन्यात रिटायर होतात, म्हणून लगबगीनं आली.

"मग तुमची माय गावीच राहे का?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"नाही वं बाई. तवापासून माह्याच घरी. रोज रात्री माह्याच खोलीत झोपे. एवढ्या गोष्टी सांगे का मीच म्हणो, झोप आता."

प्रेमिलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मग उठल्या, मनकर्णाबाईला पिशवीभर संत्री दिली आणि ऑटोपर्यंत पोचवून आल्या. पाहुणचारात काही कमी केलं नाही.

मी निघायला लागले तर म्हणाल्या, "बसा, मिनलच्या मम्मी. तुम्ही तर सारंच ऐकलं."

रुपरावजी अजून अर्ध्या दाढीनंच बसले होते. "तुह्यामुळेच सोडलं तिले," ते म्हणाले. "आदल्या दिवशी तुही माय गेली होती. ती रडाले लागली आन् मले तिच्यात तू दिसली."

"मी दिसली?"

"हो."

"मंग अकरा तारखेले तर मीच उभी होती तुमच्यासमोर. तेव्हा कोण दिसलं तुम्हाले?"

"मागं साठ गाड्या होत्या, प्रेमिला. बायकोले सोडलं असतं तर बाकीच्यांले कोणत्या तोंडानं अडवलं असतं?"

"तिच्या मागं नव्हत्या गाड्या?"

"होत्या."

"आन् त्याहीले अडवलं?"

रुपरावजींनी मान हलवली. अडवलं होतं.

"म्हणजे माह्या मायच्या वाटचं तिच्या मायले भेटलं," प्रेमिलाबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

पुढचा आठवडा भिंतीवरून मला मनकर्णाबाईच ऐकायला मिळाली. "केसं पाह्यले काय? डाय करते. मायले जाऊन तीन महिने नाही झाले." दुसऱ्या दिवशी, "पायी गेली म्हणे. दुधाच्या गाडीत बसून गेली महाराणी, त्याले पायी म्हणते काय?" तिसऱ्या दिवशी तांदूळ शिजवून पाहिला. "चांगला शिजते," असं म्हणाल्या, पण तोंड असं केलं की जणू खडा लागला.

मी म्हटलं, "बिचारी आभार मानायला आली होती."

"चांगलीच हाये ना ती. वाईट असती तर दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती मी." मग वाळत घातलेला टॉवेल उगाच सरळ करत म्हणाल्या, "रोज रात्री तिच्या खोलीत झोपे म्हणे. म्या तर चप्पल लपवून पाह्यली होती."

या मत्सराची मला लाज वाटायला हवी होती, प्रेमिलाबाईंच्या वतीनं. वाटली नाही. पाच वर्षांपूर्वी मी ह्याच भिंतीशी उभी राहून त्यांच्यावर जळले होते, आणि माझी नात तर आता शाळेत जाते.

रुपरावजींच्या निरोपसमारंभाच्या दोन दिवस आधी त्यांनी मला बोलावलं. भाषण लिहिलं होतं, मराठी तपासून द्या म्हणाले. मी बी.ए. आहे हे त्यांना अशा वेळी आठवतं. टेबलावर चार कागद. प्रेमिलाबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. ते वाचत होते, मी पेन्सिलनं खुणा करत होते. भरती, पहिली पोस्टिंग, निवडणूक बंदोबस्त. मग कोरोना आला.

"'या काळात मी कर्तव्याशी कधीही तडजोड केली नाही. नाक्यावरून एकालाही विनापास सोडले नाही. माझी पत्नी प्रेमिला हिलाही...'"

ते थांबले. बायकोकडे पाहिलं नाही, कागदाकडेच पाहत राहिले. नव्यानं लिहिलेला कागद होता तो, मनकर्णाबाई येऊन गेल्यानंतरचा. सवयीनं हात तसाच चालला असणार.

मी पेन्सिल खाली ठेवली.

प्रेमिलाबाईंनी हातातली जुडी मोडली, देठं वेगळी केली. आवाज चढला नव्हता.

"तिले सोडलं ते बरंच केलं तुम्ही. तिची माय वाचली. मले अडवलं तेबी नियमानं अडवलं, त्याचं मी काही म्हणत नाही. साहेब लोकांसमोर तुम्हाले काय सांगायचं ते सांगा. फक्त त्याच्यात माहं नाव घेऊ नका."