क्रेनवरच्या बाई

आमच्या फाउंड्रीत क्रेन एकच होती. छताखाली रुळांवरून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची. तिच्या केबिनमध्ये सव्वीस वर्षं एक बाई बसल्या. खालचे सगळे त्यांना वरच्या बाई म्हणत. माझ्या हातून जे थोडंफार सरळ काम झालं, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. तो सांगायचा राहून गेला होता.

शेडच्या अर्ध्या भागात आम्ही मोल्डर. वाळूचे साचे ठोकायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. उरलेल्या अर्ध्यात फेटलिंग, म्हणजे तयार कास्टिंगच्या कडा छिन्नीने तोडून घासायचं काम. धूळ त्यांच्याकडे जास्त, नाव आमचं जास्त. मोल्डर सगळे गावातले, बापामागून मुलगा असे आलेले. फेटलिंगवाले सगळे नदीपलीकडचे. पलीकडची गिरणी बंद पडली तेव्हा आले. त्याला वीस वर्षं झाली तरी आमच्या लेखी ते नवेच.

कामगार समिती सातजणांची, सातही मोल्डर. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. निवडणूक आमच्या भागात, आमच्या जेवणाच्या सुट्टीत, हात वर करून व्हायची. त्या अर्ध्या तासात फेटलिंग चालू असायचं, एवढंच. अध्यक्ष माझे सख्खे मामा. मला कामाला लावलं तेही त्यांनीच.

बाईंना वर बसवलं तेही मामांनीच. बाईंचे वडील मोल्डर होते. क्रेन ज्याच्याकडे आधी जाते त्याचं काम आधी उरकतं, तेव्हा तिथे आपलं माणूस हवं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तोंडाला पानं पुसली. ज्याचा हात आधी वर, क्रेन त्याच्याकडे. मामा शिडीखाली जाऊन उभे राहिले.

"पोरी, बाप कोण तुझा, विसरलीस काय?"

"नाही काका. रांग मोडायची नाही, हे त्यांनीच शिकवलंय."

"अगं, रांग आपल्या-आपल्यात!"

"इथून एकच दिसते," बाई म्हणाल्या आणि क्रेन फेटलिंगकडे घेऊन गेल्या.

शेडमध्ये आवाज इतका की बोलणं हातांनी चालायचं. लेडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाची ती मोठी बादली, क्रेनला टांगलेली असताना इशारा एकाच माणसाने द्यायचा. ज्याचा साचा, त्याने. दुसऱ्या कोणाचा इशारा क्रेनने मानायचा नाही. अपवाद एक. दोन्ही हात आडवे पसरले की थांब, आणि थांब कोणीही म्हणू शकतो, झाडूवालासुद्धा. पुन्हा हलायचं मात्र साचेवाल्याच्याच इशाऱ्यावर.

तो साचा पंपाच्या मोठ्या कवचाचा होता. माझं तीन दिवसांचं काम. भिंत कुठे कुठे बोटाएवढी पातळ, म्हणून वाळू मी मुठीमुठीने दाबली होती. चौथ्या दिवशी सकाळी लेडल निघाली. मी इशारा देत होतो. लेडल साच्यापासून पंधरा पावलांवर असताना थांबली. फेटलिंगच्या तोंडाशी ढांग्या दोन्ही हात पसरून उभा होता. ढांग्या म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात उंच माणूस. पाय कमरेपासून नव्हे, छातीपासून सुरू झाल्यासारखे.

"माणूस आहे! वाटेत माणूस बसलाय!" तो ओरडत आला.

माणूस नव्हता. वाळूत एक रॅमर, ती ठोकायची लांब दांडी, उभी रोवलेली होती आणि तिच्यावर कोट होता. लांबून पाहिलं तर कोणी उकिडवं बसलंय असं वाटावं.

मग जे व्हायचं ते झालं. आमचे दहाबारा जण ढांग्यावर धावून गेले. "तुझं काय काम इकडे?" "पलीकडच्यांनी आता आम्हाला ओतायला शिकवायचं?" त्याच्या बाजूने त्याचे लोक आले. सगळ्यांत पुढे मी होतो. त्याची कॉलर माझ्या हातात होती. भांडण निवल्यावर ओतलं तेव्हा लोखंडाचा रंग उतरला होता. पातळ भिंतींपर्यंत ते पोचलंच नाही. तीन दिवस वाळूत गेले.

संध्याकाळी मामांनी कागद पुढे केला. बाईंनी फेटलिंगवाल्याचं ऐकून कास्टिंग घालवलं, त्यांना क्रेनवरून उतरवून वाळू चाळायला लावावं, अशी तक्रार. समितीचे सात हात तयारच होते. पण ज्याचं काम बिघडलं त्याच्या सहीशिवाय व्यवस्थापक कागद घेत नसे.

"उद्या दुपारी बैठक आहे. सही कर, भाच्या. बऱ्याच दिवसांनी संधी आलीय," मामा म्हणाले.

मी कागद खिशात घातला. रागावलेलो होतो, पण एक गोष्ट खुपत होती. काम का बिघडलं हे नीट कळल्याशिवाय मी कधी पुढचा साचा लावत नसे. सकाळी लवकर गेलो आणि एकतीस पायऱ्या चढून केबिनमध्ये डोकं घातलं.

"कागदाचं कळलं मला. सही करून आलास की करायचीय?" बाईंनी विचारलं. त्या फडक्याने काच पुसत होत्या.

"बाई, तो कोट होता. तुम्हाला वरून दिसला असेल."

"दिसला की. बाहीला ठिगळ आहे तेही दिसलं."

ठिगळ माझ्या बायकोने लावलेलं होतं. कोट माझाच होता. घाईत रॅमरवर टाकला आणि रॅमर वाटेत रोवला. हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"मग थांबलात कशाला?"

"त्याने थांब म्हटलं म्हणून."

"पण तो कोण, हे—"

"मी तुम्हा सगळ्यांना हातावरून ओळखते. तुझा उजवा हात आखडता आहे. ढांग्याचे हात पंख्यासारखे. ओळखत नाही असं नाही रे. पण थांबच्या वेळी मी कोण ते बघायला लागले, तर एक दिवस बघण्यातच वेळ जाईल."

"माझे तीन दिवस गेले, बाई."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "थांबण्यात अर्धं मिनिट गेलं. मी घड्याळ बघत होते. भांडण आठ मिनिटं चाललं. मी वरून घंटा वाजवत होते. चालू करायचा इशारा तू द्यायचा होतास, आणि तुझा हात त्याच्या गळ्यापाशी होता."

घंटा मला ऐकू आली नव्हती. एवढी मोठी घंटा.

दुपारी बैठकीत मामांनी माझ्यापुढे पेन सरकवलं. मी कागद घडीसकट त्यांच्यासमोर ठेवला.

"सही होणार नाही. कोट माझा होता. लोखंड गार झालं ते आपल्या भांडणाने."

"चढवलं वाटतं तिने," कोणीतरी म्हणालं.

"नाही, मीच चढलो. एकतीस पायऱ्या."

हसलं कोणीच नाही. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पलीकडच्यांना जाऊन मिळालास. तुझ्या आईला काय सांगू?"

"कोट खुंटीवर लावत नाही म्हणून सांगा. तिला माहीत आहे."

तक्रार तिथेच राहिली. बाई वरच राहिल्या. माझ्याशी आमच्यातले कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले. मामा वर्षभर घरी आले नाहीत. ते सोपं गेलं असं म्हणणार नाही. त्या काळात त्याच्या सुट्टीत ढांग्या माझ्या साच्यापाशी येऊन बसू लागला. पहिल्या दिवशी त्याने स्वतःची कॉलर नीट करून दाखवली आणि म्हणाला, "इस्त्रीची आहे, आज धरू नकोस." मी त्याची माफी मागितली ती त्यानंतर.

पुढची निवडणूक फाटकापाशी, पाळी बदलताना घ्यावी असं मी सुचवलं. तिथे दोन्हीकडचे लोक एकत्र असतात. दोन वर्षं लागली. मग समितीत दोन फेटलिंगवाले आले. मामा अध्यक्ष राहिलेच, पण आता त्यांना शेडच्या त्या टोकापर्यंत चालत जाऊन मत मागावं लागे. पाय दुखतात म्हणून बोटं मोडत, पण जात.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं बाईंनी ढांग्याला क्रेन शिकवली. केबिनमध्ये त्याचे गुडघे मावत नसत. बाईंनी खुर्चीचे पाय कापून घेतले. त्या उतरल्या त्या दिवशी शिडीवरून त्याला एवढंच म्हणाल्या, "काच रोज पुसायची."

माझा शेवटचा साचा पंपाच्या कवचाचाच होता. तीन दिवस लागले. कोट खुंटीवर होता. मी हात वर केला, आणि ढांग्याने लेडल एका सरळ रेषेत आणून साच्यावर उभी केली. थेंब सांडला नाही. कास्टिंग निघालं तेव्हा पातळ भिंतींवर बोट फिरवून पाहिलं. पूर्ण भरल्या होत्या.

त्या संध्याकाळी बाईंच्या घरी जाऊन मी त्यांना ते सांगितलं.

"काच पुसतो का?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हणालो.