मुकी रास

धुरपदाबाई आयुष्यात एकदाच अदालतीची पायरी चढल्या, तीही आरोपी म्हणून. निजामाचं राज्य होतं, चाळीस-एक्केचाळीसचं साल. कळंबपासून दोन-तीन कोसांवर त्यांचं गाव. नवरा पटकीच्या साथीत गेला, पदरी मूलबाळ नाही. पण बाईंनी रान पडीक पडू दिलं नाही. पहाटे तुळशीला पाणी घालायचं, येडाई देवीचं नाव घ्यायचं आणि पदर खोचून शेताकडं निघायचं. "बाईमाणसानं औत धरावं का?" असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "बैलांस्नी इचारा. त्यांची काय तक्रार असंल तर सोडते."

थोरला दीर महारुद्र याला हेच सलत होतं. भावामागं जमीन आपण कसावी आणि भावजयीला खाण्यापुरते दाणे घालावेत, असं त्याच्या मनात. बाईंनी ते मानलं नाही.

त्या साली ज्वारी चांगली आली. उपणणी होऊन खळ्यात रास लागली. त्या गावात रास मुक्यानं मापायची चाल होती. पहिलं माप येडाईच्या नावानं बाजूला काढलं की शेवटच्या पोत्याचं तोंड शिवेपर्यंत मापणाऱ्यांनी चकार शब्द काढायचा नाही. मोजायचं तेसुद्धा खडे टाकून. चुकून त्यांतलं कुणी बोललंच, तर रास मोडली म्हणायचे; मग सगळी पोती पुन्हा ओतायची, नारळ फोडायचा आणि पहिल्यापासून मापायचं. जोडा घालून तर खळ्यात पाऊलही टाकायचं नाही.

धुरपदाबाई आणि शेजारच्या रानातली बिस्मिल्लाबी, दोघी मापत होत्या. तेवढ्यात महारुद्र आला, जोड्यासकट. "माझ्या भावाचं रान हाय, निम्मी रास माझी!" म्हणत सरळ राशीकडं निघाला. बाईंना तोंडानं थांबवता येईना. त्यांनी हातातलं, रास ओढायचं लांब दांड्याचं दाताळ त्याच्यापुढं आडवं धरलं. तो मागं सरला, उपणायला उभं राहायच्या तिपायी वावडीच्या पायात अडकला आणि खळ्यातल्या मधल्या खांबावर, मेढीवर डोकं आपटून पडला. रक्त निघालं. बाईंनी पदर फाडून पुढं केला. तो झिडकारून महारुद्र चावडीकडं पळाला.

चावडीत नेमका जमादार आलेला. तो खळ्यावर आला तेव्हा रास अजून चालूच होती. "तूच मारलंस ना?" त्यानं दरडावलं. बाईंनी राशीकडं बोट दाखवलं, हात जोडले. जमादार हैदराबादकडचा, त्याला काय कळणार? बाई नाकबूल जात नाही, असं लिहून घेऊन, दाताळ जप्त करून तो गेला. रास संपून बाईंचं तोंड उघडलं तेव्हा कागद पुरे झाले होते. फौजदारी लागली: दाताळानं डोकं फोडलं, वर 'जीव घेते' म्हणून ओरडली. शाबीत झालं असतं तर सहा महिने कैद, आणि तोवर रान महारुद्रच्या घशात.

बिस्मिल्लाबीचा नवरा चाँदपाशा यानं जामीन दिला आणि कळंबला जाफर वकिलांकडं नेलं. वकील मूळचे नळदुर्गच्या पेठेतले, माणूस सरळ.

"बाई, रक्त निघालं म्हणजे गुन्हा झाला, असं नसतं," ते म्हणाले. "तुम्ही मारलं आणि मारायची तुमची नियत होती, हे त्यांनी शाबीत करायचं. तुम्ही बेकसूर आहात हे तुम्ही शाबीत करायचं नाही. आता एक सोपी वाट सांगतो. दीर अंगावर आले, जीव वाचवायला मारलं, असं म्हणा. कायदा तेवढी मुभा देतो."

"पर म्या मारलंच न्हाय."

"बरं. मग दाताळ हातात नव्हतं म्हणा."

"हुतं की! आडवं धरलं हुतं."

वकिलांनी कपाळाला हात लावला. "हे अदालतीत बोलाल?"

"येडाई बघती, वकीलसाब."

"येडाई बघते खरी, पण निकाल मुन्सिफसाहेब लिहितात." मग त्यांनी विचारलं, "दाताळ कशाला धरलंत? तोंडानं थांबा म्हणायचं."

"आवं, रास चालू हुती न्हवं!"

वकिलांना उमज पडेना. चाँदपाशानं सगळी चाल समजावली, तसे ते सरळ होऊन बसले. "मग फिर्यादीत हे ओरडणं आलं कुठून?" ते चाँदपाशाकडं बघून हसले. "बाई, जे झालं तेच सांगा. ना कमी, ना जास्त."

पेशीच्या दिवशी अर्धं गाव कळंबला. आधी बिस्मिल्लाबीची साक्ष झाली. ती म्हणाली, "जमादारसाबनी मला बी इचारलं हुतं. म्या बी गपच. त्यांनी मलाबी धरायचं हुतं की!" लोक हसले. मुन्सिफसाहेब जमादाराकडं वळले, "चूप रहना कबसे गुन्हा हुआ?"

मग महारुद्र उभा राहिला. डोक्याला पट्टी होती. वकिलांनी आवाज चढवला नाही.

"तुमची भावजय ओरडली?"

"ओरडली. जीव घेते म्हनली."

"रास चालू असताना?"

"व्हय."

"म्हणजे रास मोडली. मग पुन्हा मापली कधी? नारळ कुणी फोडला?"

महारुद्र डोक्याची पट्टी चाचपू लागला.

"पुन्हा मापली नसेल, तर येडाईला मोडक्या राशीचा निवद गेला म्हणायचा. देवीचं नाव घेऊन सांगा, गेला?"

धुरपदाबाईंनी डोळे मिटून घेतले. दीर एवढं एक खोटं बोलला की आपली रवानगी तुरुंगात, हे त्यांना कळत होतं. पण महारुद्र पिढीजात कुणबी. भावजयीवर आळ घेताना त्याची जीभ अडली नव्हती. देवीच्या मापावर बोलताना ती टाळ्याला चिकटली. पट्टीखालून घाम आला.

"न्हाय," तो शेवटी म्हणाला. "रास न्हाय मोडली. ती बोलली न्हाय."

"आणि दाताळ?"

"आडवं धरलं हुतं. लागलं न्हाय. म्या वावडीत अडकून पडलो."

मुन्सिफसाहेबांनी बाईंनाही विचारलं. बाईंनी दाताळाचं न लपवता सांगितलं. साहेबांनी थोडा विचार केला, आणि बाई सुटल्या.

बाहेर चाँदपाशानं गाडी जुंपली. साक्षीला आलेली महारुद्रची माणसं केव्हाच निघून गेलेली. तो कडुलिंबाखाली एकटाच उभा होता.

"येऊ दे पायी," चाँदपाशा म्हणाला. "ऊन लागलं की अक्कल येती."

थोरल्या दिराशी बाई तोंडावर बोलत नसत. त्या म्हणाल्या, "बिस्मिल्ला, भावजींना सांग, जखम भरली न्हाय अजून. गाडीत बसा म्हनावं."

तो मागं पाय खाली सोडून बसला. दोन चाकोऱ्या ओलांडल्या तसा कण्हला, "लई ठणकतंय."

"सांग त्यांना," बाई म्हणाल्या, "घरी गेल्यावर हळद लावा. डोस्क्याला आन् जिभंला बी."

चाँदपाशा एवढ्यानं हसला की बैल बिचकले, गाडी हिसकली. महारुद्रनं कठडा धरला, पाय आवरले आणि आत सरकून बसला.