शमीम झोपली नव्हती

“गिव्ह मी अ हँड,” साहेब म्हणाले. मी हात पुढं केला.

ऑफिसात बाहेरगावचे दोन पाहुणे बसलेले. समोर नव्या बाटल्यांचं खोकं. ते उचलायला साहेबांनी मला बाटल्या धुण्याच्या खात्यातून बोलावलेलं. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं. हँड म्हणजे हात, एवढंच कळलं. ओला, सोड्यानं सालं निघालेला हात.

साहेबांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं नेले. हेडक्लार्क ओरडला, “साहेब, हिनं तर पाणिग्रहणच मांडलं!” शब्द मला कळला नाही. हसणं कळलं. पाहुणेही हसले.

“अगं, हात नको तुझा. खोकं उचल,” साहेब म्हणाले.

हात नको तुझा. हे मी गावच्या विहिरीवर ऐकलं होतं. तिथं ते इंग्रजीतून आलं नव्हतं.

खोकं मी एकटीनं उचललं.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बीडकडून चिंचवडला आलो. नवरा कामाला होता तो कारखाना बंद पडलेला, घरात दोन लेकरं. सरबताच्या त्या कंपनीत मी टेंपररी. दर काही महिन्यांनी ब्रेक, म्हणजे कामावरून कमी. पुन्हा घेतील की नाही, साहेबांच्या हातात. दुसऱ्या दिवसापासून सगळं ऑफिस मला ‘हँडबाई’ म्हणू लागलं. मीही हसायचे. त्या हसण्याची लाज अजून आहे.

शमीम माझ्या शेजारी बाटल्या धुवायची. तिचा नवरा चाकणला ट्रक दुरुस्त करायचा. एक दिवस तिनं रद्दीतून एक पुस्तक आणलं. इंग्रजी वाक्प्रचार, मराठीत अर्थ. वरचं पान फाटलेलं.

“घे. यात तुझ्या साहेबाची सगळी भाषा हाय.”

जेवणाच्या सुट्टीत मी वाचायचे, ती ऐकायची. ‘पुल युवर सॉक्स अप’ आलं. म्हणजे नेटानं कामाला लाग. आम्ही दोघी अनवाणी. शमीम म्हणाली, “आधी मोजे तरी द्या म्हणावं.”

हळूहळू कळलं. ही माणसं बोलतात एक, म्हणायचं असतं दुसरं. अंगाशी आलं की दोन्हीतलं सोयीचं तेवढं उचलतात.

बाटल्या धुवायच्या उकळत्या सोड्याचा पाइप गळत होता. गोणपाटानं बांधलेला. आम्ही तीनदा सांगितलं. एका सकाळी तो फुटला. शमीमचे दोन्ही पाय भाजले.

तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. अपघाताबद्दल टाइप केलेला इंग्रजी कागद.

“सही कर. तू शेजारी होतीस.”

मी एकेक शब्द वाचू लागले. हेडक्लार्कनं दोनदा पेन पुढं केलं. मधल्या ओळीवर मी थांबले. ‘शी वॉज कॉट नॅपिंग.’

“शमीम झोपली नव्हती,” मी म्हणाले.

साहेब हसले. “अगं, झोप नाही ती. बोलायची पद्धत आहे. बेसावध होती, एवढंच.”

ते मला ठाऊक होतं. पुस्तकात होतं. पण उद्या कुणी विचारलं तर याच कागदावर शमीम कामावर झोपलेली निघणार, आणि खाली सही माझी.

“बेसावध पण नव्हती. पाइप फुटला. तीनदा सांगितलं होतं आमी. तसं लिहा. मराठीत लिहा.”

“तुला उद्यापासून ब्रेक हवाय का?”

हेडक्लार्कनं उठून दार लावलं. लेकरं डोळ्यांसमोर आली. मी पेन टेबलावर ठेवलं.

“सही न्हाई करणार.”

दुसऱ्या दिवशी गेटवर माझं हजेरीचं कार्ड नव्हतं.

चूक तिचीच म्हणत कंपनीनं शमीमलाही काढलं. तिचं प्रकरण कामगार कोर्टात गेलं. मी साक्ष दिली, मराठीत. पाइप सांगितला, गोणपाट सांगितलं. कंपनीला शमीमला परत घ्यावं लागलं, बसून करायच्या कामावर. मला घेतलं नाही. इतर कंपन्यांनीही नाही.

मी आता घरी शिवणकाम करते. कंपन्यांतल्या बाया इंग्रजी कागद घेऊन येतात. मी वाचते, अर्थ सांगते. मला नाही कळलं तर तसं सांगते आणि कागद परत पाठवते. साहेबाला म्हणावं, अर्थ मराठीत लिहून द्या. तोवर सही नाही, अंगठाही नाही.

नवी एखादी विचारते, नोकरी गेली तर?

जाईल. माझी गेली. तरी सही करायची नाही.