केळापूरच्या बरडावर

तण शिकलेल्या माणसांचं एक असतं. कितीही लांब जाऊन बसलं तरी पायमोज्यातून कुसळं निघावीत तसे जुने किस्से निघत राहतात. मी आता पुण्यात एका ऑफिसात बसते. भर मीटिंगमध्ये मध्येच हसू फुटतं. शेजारची विचारते, "काय झालं गं?" काय सांगू तिला!

शबाना, रोशन आणि मी पांढरकवड्याला वानखडे सरांच्या हाताखाली रिसर्च करायचो. केळापूरजवळ एक बरड होतं, मुरमाड, दगडगोट्यांचं. पावसाळ्यात त्यावर तरोटा, कुर्डू आणि कितीतरी रोपं उगवायची, फुलायची, बी टाकून वाळून जायची. दरसाल कुठे कोण उगवतं आणि काहून, एवढाच आमचा प्रश्न.

* * *

पहिल्याच वर्षी सरांनी सगळ्या रोपांचं बी एकत्र कालवलं. अर्धं बरडावर टाकलं, अर्धं बाजूच्या वावरातल्या काळ्या मातीच्या तुकड्यात. वावर नीळकंठ काकांचं. त्यांनी हो म्हटलं होतं, पण आम्ही नेमकं काय पेरणार हे त्यांना त्या दिवशी कळलं!

"सर, अख्खं गाव तण उपटून राह्यलं, आन् तुम्ही पेरून राह्यले?"

पुढे काळ्या मातीत झाडून सगळं उगवलं. बरडावर मोजकीच रोपं टिकली, बाकीची दोन पानांवरच सुकली. सर खूश होऊन म्हणाले, "पाहा काका, काळी माती सगळ्यांले ठेवून घेते. बरड निवडून घेते."

काका आपल्या वावरातल्या हिरव्यागार तणाकडे पाहत म्हणाले, "मंग पुढच्या साली बरडालेच विचारा!"

* * *

एकदा रोपं मोजायला आखलेल्या आमच्या दोन चौकटी, अगदी शेजारी शेजारी. माती तीच, ऊन तेच. एकीत नुसता तरोटा, दुसरीत नुसता कुर्डू. शबाना म्हणे ओलीत फरक असेल. रोशन म्हणे शेळ्यांचं काम आहे. दोघं इतके भांडले की येताना जीपमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसले.

सर पुढून म्हणाले, "अरे, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आहे ते. ज्याचं बी आधी रुजलं, त्याची सीट."

"म्हणजे नशीबच ना, सर?" रोशनने विचारलं.

"नशीबच. पण पेपरात 'नशीब' लिहू नको बापा, 'चान्स' लिही. नाही तं छापणार नाहीत!"

* * *

हायवेवरच्या धाब्यामागे एक अनोळखी रोप सापडलं. सरांना शंका आली, बी ट्रकांच्या चिखलातून येत असणार. झालं! रोशन चमचा आणि चहाचा कप घेऊन एका ट्रकखाली शिरला आणि टायरचा चिखल खरवडायला लागला. ड्रायव्हर जेवण सोडून धावत आला. शर्ट इन केलेला माणूस टायर तपासतोय म्हटल्यावर त्याने आरटीओवाला समजून हातच जोडले.

"साब, टायर ले जाओ, लेकिन चालान मत काटो!"

* * *

मग सर रिटायर झाले. शबाना लग्न होऊन हैदराबादला गेली, रोशन यवतमाळला बँकेत लागला. बरडावर आता ट्रकांच्या पार्किंगसाठी गिट्टी टाकलीय. मागच्या उन्हाळ्यात मी तिथे बस मुद्दाम थांबवली. कंडक्टर म्हणाला, "ताई, इथं कोण आहे तुमचं?" मी जेवणाचा रिकामा डबा घेऊन खाली उतरले.

* * *

त्याच खेपेला गिट्टीच्या कडेला शिल्लक राहिलेली डबाभर माती मी उचलली आणि नागपूरला सरांच्या मुलाकडे पोचवली. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्यापासून सर तिथेच, तिसऱ्या मजल्यावर. सून अनघा फोनवर रडकुंडीला आलेली असायची. सर जेवत नाहीत, बोलत नाहीत, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. डॉक्टर म्हणाले होते, यांची इच्छाच संपलीय.

माती देताना सरांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. अनघाने ती एका पसरट ट्रेमध्ये ओतून बाल्कनीत ठेवली आणि तुळशीबरोबर तिलाही पाणी घालू लागली.

पावसाळ्यात आम्ही तिघं ठरवून सरांना भेटायला गेलो. सर उठून बसले, पण तोंड भिंतीकडेच. अनघाने वरणभात आणला, तो तसाच निवत राहिला. बोलायला काही नसलं की माणूस उगाच बाल्कनीत जातो, तशी शबाना गेली आणि तिथूनच ओरडली, "सर, उगवलंय!"

सर भिंत धरत धरत आले. ट्रेच्या कोपऱ्यात एकच रोप होतं, नखाएवढी दोन पानं. सर वाकून पाहत राहिले. शबानाची नजर आमच्यात सगळ्यांत तेज. तिने लगेच ओळखलं.

"सर, हा तर..."

सरांनी हात वर केला.

"नाव घेऊ नको, शबाना! मले फुलावर ओळखू दे."

मग आत वळून म्हणाले, "अनघा, भात गरम कर वं. मले जेवाले वाढ."