लव्हाळ्यातली पात

शेजारच्या सुकदेव नानांनी अंगणात मुद्दाम लव्हाळा लावला, तेव्हा हसावं की कपाळ बडवावं मला कळेना. जो उपटता उपटता शिंदखेड्याची माणसं म्हातारी झाली, त्याच्याच टोपलीभर गाठी यांनी जळगावात आणल्या! पण मुलाचं, हितेंद्रचं, विकतचं लॉन दोनदा उन्हात जळालं होतं. लव्हाळा मात्र दोन बादल्या पाण्यावर हिरवागार पसरला.

नानांची बायको भागाबाई जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात तण निंदत आली. बाई डावखुरी, हाताला भारी चपळ. प्रत्येकीच्या वाट्याला निंदायचा एक पट्टा येतो, ती तिची पात. भागाबाईची पात सगळ्यांआधी सरायची. मग ती मागे राहिलेल्या बाईच्या पातीत जाऊन बसायची आणि दोघी मिळूनच उठायच्या. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

मार्चात फाटकापासून हातभर रुंद पट्टा निंदलेला दिसला. उपटलेल्या जुड्या डाव्या हाताला, मुळं वर. रोज दुपारी पट्टा पुढे सरके. मी गच्चीत पापड घालताना पाहत होते. अंगणात कुणी नव्हतं. नजर वळवून पुन्हा पाहिलं, तर आणखी एक जुडी. मी नानांवरच ओरडले, "नाना, हे चाळे तुमचेच ना?"

"भागानी पात शे ती," नाना म्हणाले. "पात सरनी का ती उठीसन निंघी जाई. मंग मी एकलाच."

दुसऱ्या दिवशी नानांनी विळा घेऊन शेजारची पात धरली. दिवसाला चार जुड्या, त्या उजव्या हाताला.

"नाना, गोगलगाय बरी!"

"मांगे ऱ्हायनू तरच ती फिरी, माले लेवाले." मागे राहिलेल्याला घ्यायला ती परत येणार, हा त्यांचा हिशेब.

तिची पात भिंतीला टेकली आणि जुड्या थांबल्या. तीन दिवस नाना अर्ध्या पातीत नुसते बसून राहिले. मला इतकं वाईट वाटलं, की मीच जाऊन निंदणार होते.

चौथ्या दुपारी हितेंद्रने हाक मारली. नाना भिंतीला टेकून बसले होते, विळा मांडीवर. प्राण गेला होता. त्यांची पात भिंतीपर्यंत स्वच्छ होती. अर्ध्यापर्यंत जुड्या उजव्या हाताला होत्या. तिथून पुढे दोन्हीकडे होत्या.