राखेवरचा शिंपला

वर्सोव्याहून तरीने मढला उतरलं की पुढे खाडीच्या कडेला वाळूचा एक उंचवटा आहे. गेल्या हिवाळ्यात तिथे कॉलेजची माणसं खणायला आली. फार जुन्या काळची माणसं तिथे दरवर्षी हंगामापुरती येऊन राहायची म्हणे. कालवं खायची, दगडाची पाती काढायची, निघून जायची.

कळलं तसा मी गेलो. त्याच उंचवट्यावर आमचं खोपट होतं. दिवाळी झाली की मी आणि बायको बोंबील सुकवायला तिकडे जायचो, ते शिमग्याला घरी. निघताना चूल मोडायची नाही, ही आमची रीत. विझवायची आणि राखेवर मोठा शिंपला पालथा घालायचा. चूल मोडली तर परत येणं नाही. शेवटच्या वर्षी शिंपला तिनेच घातला. म्हणाली, "मोडू नको रं, परत येवाचं हाय ना." पुढच्या दिवाळीला ती नव्हती. मग मीही गेलो नाही.

खणणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, मागे सरका, कड ढासळेल."

"माझी चूल आहे तुझ्या खड्ड्यात."

"वरचा थर अलीकडचा आहे. तो काढल्याशिवाय खालचं दिसणार नाही."

"काढ. पण मी इथे बसणार."

"हट्टी आहात."

"बायको पण हेच म्हणायची."

दुपारी ब्रशखाली शिंपला निघाला. पालथाच. खाली राख, आमचे तीन दगड. बाईंनी फोटो काढले, कागदावर चित्र काढलं आणि विचारलं, "दगड तुम्ही उचलता का?"

"नाही. माझ्या हाताने मोडणार नाही. तू काढ."

मी खाडीकडे तोंड करून बसलो.

काही दिवसांनी खाली त्या जुन्या लोकांची चूल लागली. काळी माती, भाजलेले दगड, भोवती शिंपल्यांचा नुसता चुरा. मी विचारलं, "ह्यांनी घातला असेल का गं शिंपला?"

"सांगता येणार नाही, काका."

उगाच हो म्हणाली नाही, ते बरं वाटलं.

"माझा अलीकडचा ना? मग तो मी नेतो."

आता तो घरी खिडकीत आहे. सुनेने एकदा घासून उताणा ठेवला होता. मी परत पालथा केला.